तराजूखोलीतले फोटो

थोरलीनं बनवलेल्या यंत्रानं पहिल्याच सकाळी तिच्या वडिलांना माणूस मानायला नकार दिला.

यंत्र म्हणजे दाराशेजारी भिंतीत बसवलेला कॅमेरा, त्याखाली तळहाताएवढा पडदा आणि आत दोन न्यूरल नेटवर्कं. पहिल्याचं काम चेहरा ओळखायचं. समोरच्या चेहऱ्याची ते आकड्यांची एक लांबलचक माळ करतं, आणि आधी नोंदवून ठेवलेल्या माळांपैकी हिच्या सर्वांत जवळची कोणती ते सांगतं. दुसऱ्याचं काम जरा पोलिसी. समोर खरंच माणूस उभा आहे, की कुणी त्याचा फोटो धरून आत घुसू बघतंय, एवढंच ते तपासतं. पहिलं नेटवर्क कंपनीनं तयार आणलं होतं. दुसरं मात्र थोरलीचं. तिनं ते घडवलं होतं, शिकवलं होतं, आणि मनातल्या मनात ती त्याला ‘धाकटं’ म्हणायची.

कंपनीतल्या तिच्या साहेबांना सगळे पाठीमागे भिंगरी म्हणत, कारण ते उभे असले तरी फिरत असल्यासारखे वाटायचे. भिंगरीसाहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “हे कार्यालय आपलं पहिलं गिऱ्हाईक. शुक्रवारी त्यांचे बडेसाहेब स्वतः येऊन दारात उभे राहणार. त्यांना पटलं तर तुझं धाकटं जगलं. नाही पटलं तर चेहऱ्यांचा विभाग बंद, आणि तू उद्यापासून पार्किंगमधल्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचायच्या.”

नंबरप्लेटींबद्दल थोरलीच्या मनात काही आकस नव्हता. पण नंबरप्लेटीला नाक नसतं, भुवया नसतात, आणि ती सकाळी वेगळी आणि संध्याकाळी वेगळी दिसत नाही. एवढी वर्षं शिकून तिनं ज्या गोष्टीवर जीव लावला होता, ती नंबरप्लेट नव्हती.

हे कार्यालय वजनमापं तपासणारं. दुकानदार, कारखानदार, सोनार आपापली वजनं पेटीतून घेऊन येत, आणि इथल्या मूळ वजनांशी ती ताडून बघितली जात. हे काम चालायचं तराजूखोलीत. तिथले काचेच्या पेटीतले काटे इतके हळवे, की शेजारी कुणी सुस्कारा टाकला तरी सुई भलतीकडे जायची. त्यामुळे त्या खोलीत काम करणारी माणसं हळूहळू वेगळीच होऊन जात. श्वास अर्धा घ्यायचा, पापणी जपून मिटायची, मान हलवायची नाही, आणि विनोद ऐकला तर घरी जाऊन हसायचं. तिथले प्रमुख म्हणजे थोरलीचे बाबा. तिच्या जन्माच्या आधीपासून ते त्या सुईसमोर बसत आले होते. कार्यालयात त्यांना तोंडावर दगडोबा म्हणत. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. निदान वाटत असल्याचं कुणाला कधी दिसलं नव्हतं.

तर पहिल्या सकाळी दगडोबा दारासमोर उभे राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘समोर व्यक्ती नाही. फोटो आढळला.’

पहारेकऱ्यानं वाकून वाचलं. “काका, तुम्ही फोटो आहात म्हणतंय.”

“मी वाचलं,” बाबा म्हणाले.

“जरा पुन्हा उभे राहा.”

“मी हललोच नाही.”

“तेच तर झालंय ना, काका!”

त्यांच्या मागे बगळा होता. उंच, किडकिडीत, बाबांच्या हाताखालचा माणूस. कितीही वेळ एका जागी उभा राहू शकायचा म्हणून बगळा. तोही फोटो निघाला. त्याच्या मागून ध्यानमावशी आल्या. या तिसऱ्या काट्यावर बसत, आणि बसल्या की जेवणाची वेळ झाल्याचं त्यांना हलवून सांगावं लागे. त्याही फोटो. तेवढ्यात हिशेबखात्यातला कारकून आला. फोन कानाला, दुसऱ्या हातात बिस्कीट, तोंडात दुसरं बिस्कीट, एक पाय बुटात आणि एक बुटाबाहेर. पडदा हिरवा झाला: ‘स्वागत आहे.’

“या घोळात मी एकटाच जिवंत का?” कारकून म्हणाला आणि बिस्किटाचा चुरा सांडत आत गेला.

थोरली भिंतीला टेकून उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांचे डोळे तिच्या दिशेला होते. रागावलेत, की हसताहेत, की फक्त वेळ बघताहेत, ते पूर्वीही कळायचं नाही आणि आत्ताही कळलं नाही.

पहारेकऱ्यानं शेवटी किल्लीनं दार उघडून तिघांना आत सोडलं. पण दिवसभराचं नाटक अजून बाकी होतं. दुपारी हजेरीचा पडदा बघितला, तर तराजूखोलीतले तिघंही गैरहजर, आणि संस्थापक हजर.

संस्थापक जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आतल्या स्वागतकक्षात त्यांची मोठी तसबीर होती, काचेच्या आत, जाडजूड मिशांसह. समोरच पाहुण्यांसाठी दुसरा कॅमेरा लावलेला. कार्यालयातल्या लोकांचे फोटो यंत्रात भरायचं काम हिशेबखात्याच्या कारकुनाकडे होतं, आणि त्यानं संस्थापकांचाही भरला होता.

“अहो, पण का?” थोरलीनं विचारलं.

“आदर म्हणून,” तो म्हणाला. “सगळ्यांचे घातले आणि त्यांचाच नाही, हे बरं दिसलं असतं का?”

तसबिरीच्या काचेत छतावरचा पंखा दिसत होता. पंखा फिरला की संस्थापकांच्या चेहऱ्यावरून सावल्या सरकत, आणि धाकट्याला वाटे, हा माणूस तर भलताच उत्साही दिसतोय. सकाळी पंखा लागला की संस्थापक कामावर येत. दुपारी पहारेकरी पंखा बंद करे, तेव्हा ते जेवायला जात. संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी निघत.

“आजही सगळ्यांपेक्षा जास्त काम करताहेत,” पहारेकरी कौतुकानं म्हणाला.

थोरली तिथल्याच एका टेबलावर संगणक उघडून बसली. चूक शोधायला फार खोल जावं लागलं नाही. धाकट्याला शिकवायला जिवंत माणसांच्या चित्रफिती लागल्या होत्या, आणि त्या तिनं आपल्याच कंपनीत काढल्या होत्या. कंपनीतली सगळी तरुण मुलं. कुणी पाय हलवतंय, कुणी च्युइंगम चघळतंय, कुणी मागच्याशी बोलतंय. भिंगरीसाहेबांच्या फितीत तर ते अर्धा वेळ चौकटीबाहेरच होते. आणि फोटो म्हणून दाखवले होते छापलेले कागद, स्टँडवर नीट घट्ट बसवलेले. आता नेटवर्काला काय, सगळ्यांत सोपी वाट दिसली की ते तीच धरतं. जे हलतं ते जिवंत, जे हलत नाही तो फोटो. तिनं त्याला जिवंतपणा शिकवायला घेतला होता. ते चुळबूळ शिकून आलं होतं.

हे तिनं फोनवर भिंगरीसाहेबांना सांगितलं. पलीकडून खुर्ची सरकल्याचा, मग पेन पडल्याचा, मग ते उचलताना डोकं आपटल्याचा आवाज आला.

“मग त्या लोकांना हलायला सांग,” ते म्हणाले. “शुक्रवार तोंडावर आलाय. नेटवर्क पुन्हा शिकवण्यापेक्षा तीन माणसं शिकवणं सोपं.”

थोरलीला हे पटलं नाही, पण शुक्रवार खरोखरच तोंडावर आला होता. त्या संध्याकाळी घरी तिनं बाबांना आरशासमोर बसवलं.

“बाबा, फक्त भुवई उचलायची. एकदा.”

बाबा आरशात बघत राहिले.

“हं, उचला.”

“उचलली.”

“कधी?”

“आत्ता. तू बघत नव्हतीस.”

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. “तुझ्या यंत्राला उगाच बोल लावू नकोस,” ती म्हणाली. “लग्नाआधी यांनी मला फोटो पाठवला होता. मग हे स्वतः भेटायला आले. मला काहीच फरक वाटला नाही.”

“तरी हो म्हणालीसच की,” बाबा म्हणाले.

“फोटो बरा होता म्हणून!”

“आई, तू मध्ये बोलू नकोस ना. बाबा, हसून बघा. दात दाखवा.”

बाबांनी दात दाखवले. ते डॉक्टरकडे दाखवतात तसे. आईनं घडी खाली ठेवली. “नको गं बाई. हे बघून दार उघडायचं नाही, कुलूप लावून घेईल.”

पण हळूहळू जमलं. डावी भुवई वर, मग उजवी, मग ओठांचा चंबू, मग मान कबुतरासारखी पुढे-मागे. बाबांनी हे सगळं अतिशय गंभीरपणे पाठ केलं, आणि दुसऱ्या दिवशी बगळ्याला आणि ध्यानमावशींनाही शिकवलं. सकाळी तिघंही रांगेत उभे राहून भुवया नाचवत, चंबू करत, माना हलवत आत गेले. पडदा तीनदा हिरवा झाला. पहारेकऱ्यानं आपल्या बायकोला फोन करून डबा द्यायच्या निमित्तानं हे बघायला बोलावलं.

पंचाईत झाली ती आत. शरीराला एकदा खोड लागली की ती दाराबाहेर थोडीच राहते. सोनाराची नाजूक वजनं काट्यावर होती, सुई जागेवर येत होती, आणि ऐन वेळी बगळ्याची डावी भुवई उडाली. त्याला त्याचंच हसू आलं. हसू आलं म्हणून ध्यानमावशींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांचा आपोआप चंबू झाला. मग जे व्हायचं ते झालं. एवढ्या वर्षांचं साठलेलं हसू त्या खोलीत एकदम बाहेर पडलं. काचेच्या पेट्या थरथरल्या. सोनार हात जोडून म्हणाला, “मी उद्या येतो. तुम्ही बरे व्हा.”

बाबा बाहेर आले आणि थोरलीसमोर उभे राहिले.

“आत जायला हलावं लागतं, आणि आत गेल्यावर हलायचं नाही,” ते म्हणाले. “तुझ्या दाराला आणि माझ्या काट्याला एकच माणूस कसा चालायचा?”

“शुक्रवारपर्यंतच, बाबा.”

“नाही. मी भुवया नाचवणार नाही. आणि किल्लीनंही जाणार नाही. मी माणूस आहे हे तुझ्या दाराला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी जाईन.”

आणि ते दाराबाहेरच्या बाकावर बसले. बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशीही तेच. येणारे-जाणारे बघून जात. एका दुकानदारानं त्यांच्या खांद्यावर आपली छत्री अडकवली, ‘माफ करा, माफ करा’ म्हणत काढून घेतली, आणि तरी जाताना पुन्हा एकदा मागे वळून खात्री केली.

थोरली आता खरोखर कात्रीत सापडली. समोर बडेसाहेबांची भेट, आणि दारात स्वतःचे वडील उपोषणाला बसल्यासारखे. ती बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग तिनं कॅमेरा तिपाईवर लावला.

“बाबा, तुम्ही आहात तसेच बसा. मला तुमची फीत हवीय.”

“किती वेळ?”

“तुम्हाला कंटाळा येईपर्यंत.”

त्यांना कंटाळा आला नाही. मग तिनं बगळ्याला बसवलं, मग ध्यानमावशींना. संध्याकाळी घरी संगणकावर ती त्या फिती पुन्हा पुन्हा बघत राहिली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तीन फोटोच. मग तिला एक जुनी गोष्ट आठवली. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याकडे रक्ताची एक लाट येते, आणि कातडीचा रंग केसभर बदलतो. डोळ्याला तो बदल कधीच कळत नाही, कॅमेऱ्याच्या आकड्यांत मात्र उतरतो, सगळ्यांत जास्त हिरव्या रंगात. हे तिला आधीही माहीत होतं, कंपनीत तिनं करूनही पाहिलं होतं. पण तिथली पोरं एवढी हलायची, की तो केसभर बदल त्यात पार बुडून जायचा.

तिनं बाबांच्या कपाळाचा चौकोन निवडला, त्यातल्या हिरव्याची सरासरी काढली आणि रेघ आखली. रेघ वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. इतकी स्वच्छ, की पुस्तकात छापावी.

“आई!” ती ओरडली. “बाबा जिवंत आहेत!”

“बरं झालं कळलं,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “जेवायला बोलव त्यांना.”

मग तिनं धाकट्याला नव्यानं शिकवायला घेतलं. हलणं बघायचं नाही, रंगाची ती लाट शोधायची. छापलेल्या फोटोंत लाट नाही, म्हणून ते बाद. तराजूखोलीतले तिघं झटक्यात पास. फक्त संस्थापक ऐकेनात. पंखा ठरावीक वेगानं फिरायचा, त्याची सावलीही ठरावीक तालात पडायची, आणि नव्या धाकट्यानं त्यांना अगदी ठणठणीत ठरवलं. थोरलीनं कपाळावरची रेघ पाहिली, गालावरची पाहिली, आणि मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं मिशांवरचीही पाहिली. संस्थापकांच्या मिशांनाही नाडी होती. कोटाच्या गुंड्यांनाही होती. माणसाच्या फक्त कातडीत रक्त फिरतं, गुंडीत नाही. तिनं धाकट्याला तेवढंच आणखी शिकवलं: चेहऱ्याची लाट आणि आजूबाजूची लाट ताडून बघ, दोन्ही एकच असतील तर हाकलून दे. संस्थापक त्या दिवसापासून कायमचे गैरहजर झाले. पहारेकऱ्याला थोडं वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी बाबा बाकावरून उठले, दारासमोर उभे राहिले, आणि चेहऱ्यावरची माशीही न हलवता आत गेले. ‘स्वागत आहे.’ थोरलीला वाटलं, जिंकलो.

मग बडेसाहेब आले. आले म्हणजे सोसाट्यानं आले. दोन्ही हातांत दोन फोन, बोटात फिरणाऱ्या किल्ल्या, एका वाक्यात तीन माणसांना तीन कामं. ते दारासमोर उभे राहिले, टाचांवर झुलले, घड्याळ बघितलं, मान वळवून कुणालातरी ‘हो, पाठवा’ म्हणाले, आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘व्यक्ती असल्याची खात्री होत नाही.’

“म्हणजे?” बडेसाहेब म्हणाले.

थोरलीला एका क्षणात सगळं समजलं. पहिल्यांदा तिनं धाकट्याला फक्त चुळबुळ्या माणसांवर शिकवलं होतं. आता फक्त दगडांवर. तीच चूक, उलट्या बाजूनं. हलणाऱ्या चेहऱ्यावर लाट कशी शोधायची हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“साहेब, दोष माझा आहे,” ती म्हणाली. “हे फक्त स्थिर माणूस ओळखतं.”

“मी स्थिरच तर आहे!” बडेसाहेब दोन्ही फोन हवेत हलवत म्हणाले.

त्यांच्या मागे कुणाला हसू आलं, ते खोकल्यात लपलं. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि बाबा बाहेर आले. ते बडेसाहेबांच्या शेजारी येऊन उभे राहिले. काट्याशी नव्या माणसाला बसवताना जो आवाज वापरत, त्याच आवाजात म्हणाले, “फोन माझ्याकडे द्या. किल्ल्याही. आता श्वास अर्धा सोडा. उरलेला राहू द्या आत, त्याचं काही बिघडत नाही. समोर बघा. आणि कुणाला काही पाठवू नका.”

बडेसाहेबांना असं कुणी कधी सांगितलं नसावं. बहुतेक त्यामुळेच त्यांनी ऐकलं. आधी त्यांचे खांदे खाली आले, मग टाचा जमिनीवर टेकल्या, मग कपाळावरची आठी गेली. दाराशी सगळे गप्प झाले. बगळाही आतून डोकावून गप्प उभा होता, पण तो तर नेहमीच असायचा.

पडदा हिरवा झाला. दार उघडलं. बडेसाहेब आत गेले नाहीत.

“बंद करा,” ते हळूच म्हणाले. “पुन्हा एकदा उभा राहतो.”

ते पुन्हा उभे राहिले. मग आणखी एकदा. चौथ्यांदा त्यांच्या सचिवांनी वेळेची आठवण केली, तेव्हा नाइलाजानं त्यांनी फोन परत घेतले आणि थोरलीकडे वळले. तराजूखोलीच्या दाराला हेच यंत्र लावा, ते म्हणाले, तिथल्या माणसांना ते शोभतं. बाकीच्या दारांसाठी मात्र यंत्राला सगळ्या तऱ्हेची माणसं दाखवा, निवांतही आणि माझ्यासारखीही, आणि मग या. तोवर काम तुमच्याकडेच.

“हिशेबखात्याचा कारकून घ्या आधी,” ते जाता जाता म्हणाले. “तो उभा असताना दोन ठिकाणी असतो.”

थोरली धपकन बाकावर बसली. धाकटं जगलं होतं. बाकावरच उघड्या ठेवलेल्या संगणकावर रंगांच्या रेघा चालूच होत्या. कॅमेऱ्यासमोर जो असेल त्याची नाडी तिथं दिसत होती. आता तिथं बाबा एकटेच उभे होते. हात पाठीमागे, नजर समोर, चेहरा नेहमीचा. रेघ मात्र नेहमीची नव्हती. ती घाईघाईनं उड्या मारत होती, एक खाली येते न येते तोच दुसरी वर, जणू कुणी धापा टाकत जिना चढून आलंय.

तिनं रेघेकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“बाबा, तुम्ही घाबरला होतात?”

“कशाला?”

“माझ्यासाठी.”

“छे,” बाबा म्हणाले. पापणीही लवली नाही. रेघेनं मात्र चांगलीच उसळी घेतली.

“इथं वेगळं दिसतंय.”

बाबांनी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून संगणकाकडे पाहिलं. “यंत्र चुकतंय तुझं.”

“असेल,” थोरली म्हणाली. “बघते मी.”

तिनं काहीच बघितलं नाही. बाबा थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि मग, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं, एक पाऊल बाजूला सरकून कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेले.